डबीवरचा दीपस्तंभ

गाडी धुणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात शिरल्यावर मार्नीने गिअर मोकळा केला आणि स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. आता पुढचं काही तिच्याकडे नव्हतं. खालची साखळी गाडीला ओढत नेणार, दोन्ही बाजूंनी निळ्या झुबक्यांचे ब्रश अंगावर येणार, फेस पडणार, पाणी पडणार, आणि शेवटी गरम वाऱ्याचा झोत काचेवरचे थेंब वर ढकलत नेणार. थंडीचा जोर जरा ओसरला की सगळं मिनिआपोलिस या रांगेत येऊन उभं राहतं. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाड्या पांढऱ्याफटक होतात, दाराला कोट घासला तरी त्यावर पट्टा उमटतो. तिला हे दोन-चार मिनिटांचं बंदिस्त होणं आवडत असे. ब्रिटालाही आवडतं, असं ती धरून चालली होती. ब्रिटा, तिची दहा वर्षांची मुलगी, मागच्या सीटवर बसून काचेवरच्या फेसात आतून बोट फिरवत होती. फेस बाहेर असल्याने तिच्या बोटाने काहीच पुसलं जात नव्हतं.

"आई, तुझा गेम मी पूर्ण केला गं."

"कुठला?"

"कुठला काय! बोबिन्सचा. शेवटपर्यंत."

"हो? कसा वाटला?" मार्नीने विचारलं. ऑफिसात हा प्रश्न तिने कुणालाही कधी विचारू दिला नसता.

"मस्त! त्यातलं लाइटहाउस मला सगळ्यात आवडलं. तो ऑटर कंदील घेऊन गोल जिन्यावरून वर वर जातो ना, ते."

ब्रश छपरावर आला आणि गाडीत अंधारलं. मार्नीने आरशात पाहिलं. ब्रिटाचं बोट काचेवर तसंच फिरत होतं. "अरे वा," मार्नी म्हणाली. तिच्या स्वतःच्या कानांनाही तो आवाज नेहमीसारखाच वाटला, आणि तेच तिला चमत्कारिक वाटलं. कारण त्या गेममध्ये लाइटहाउस नव्हतं.

होतं, पण काढलं होतं. बोबिन्स म्हणजे अंगठ्याएवढे प्राणी, अंगात फेल्टचा कोट, कोटाला खरी उघडणारी चिमुकली बटणं. ऑटर म्हणजे पाणमांजर, बिजू, बीव्हर, एक जरा अवखळ खार. शिकागोजवळच्या एका खेळणी कंपनीचे ते प्राणी मुलांच्या खिशांत, सोफ्याच्या फटींत, कपडे धुण्याच्या यंत्राच्या तळाशी वर्षानुवर्षं सापडत आले होते, आणि गेल्या वर्षी कंपनीला वाटलं की त्यांचा एक गेम निघावा. मार्नी जिथे काम करत होती त्या छोट्या स्टुडिओला ते काम मिळालं. कामाबरोबर कंपनीचे नियमही आले. बोबिन पडणार नाही. बोबिन भिजणार नाही. बोबिन रागावणार नाही, हरणार नाही, एकटा दिसणार नाही. मग गेममध्ये करायचं काय, असं कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं होतं. बंदरावरच्या गावात फिरायचं, बटणं गोळा करायची, शेजाऱ्यांना सूप पोचवायचं. दीपस्तंभाची लेव्हल त्यातल्या त्यात बरी होती, कारण तिथे उंची होती, खाली पाणी होतं आणि जिन्याला कठडा नव्हता. कंपनीच्या बाईंनी ती पाहिली, डोनटचा तुकडा हातात तसाच धरून थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हं. वेगळंच आहे हे." तिकडे 'वेगळंच आहे' म्हणजे 'आवडलं नाही', हे केंटला, म्हणजे मार्नीच्या वरिष्ठाला, समजावून सांगावं लागलं नाही. कठडा बसवायला वेळ नव्हता. लेव्हल गेली. पण डबीचं वेष्टन छापायला आधीच गेलेलं होतं, कारण वेष्टनं नेहमी आधी जातात, गेम पुरा व्हायच्या कितीतरी आधी. म्हणून डबीच्या मागच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, ऑटर कंदील घेऊन गोल जिन्यावर उभा होता. तिथे तो कायमचा उभा राहणार होता.

गरम वाऱ्याचा झोत सुरू झाला. काचेवरचे थेंब थरथरत वर पळू लागले. मार्नीने पर्यायी शक्यता तपासून पाहिल्या, तिच्या शिक्षणाने तिला लावलेली ती सवय होती. एक, ब्रिटाने दुसऱ्याच कुठल्या गेमशी गल्लत केली असेल. पण ऑटर म्हणाली, कंदील म्हणाली. दोन, क्रेग, म्हणजे ब्रिटाचा बाबा, तिला डुलुथला घेऊन गेला होता, तिथे धक्क्याच्या टोकाला खरंखुरं लाइटहाउस आहे, ते तिच्या मनात मिसळलं असेल. पण त्याला बाहेरून गोल जिना नाही. उरलं ते एवढंच. मुलीने गेम खेळलेलाच नव्हता, किंवा थोडासा खेळून टाकून दिला होता, आणि आईला बरं वाटावं म्हणून डबीची मागची बाजू वाचली होती. दहा वर्षांची मुलगी अशी तयारी करून येते, गाडी धुवायच्या बोगद्यात योग्य क्षण शोधते आणि बोलते. त्यातली हुशारी मार्नीला आधी जाणवली. मग गाडी उजेडात आली, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि त्या हुशारीची तिला भीती वाटली.

कारण ब्रिटा आणखीही एक गोष्ट याच सुरात बोलली होती. क्रेगला अडीच तासांवरच्या डुलुथच्या बंदरात क्रेनच्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं. घटस्फोटानंतर दोघं शहराच्या दोन टोकांना राहत होते आणि ब्रिटा आठवडा इकडे, आठवडा तिकडे करत होती, ते आता जमणार नव्हतं. शाळा एकाच गावात हवी. थँक्सगिव्हिंगनंतरच्या एका संध्याकाळी मार्नीने तिला स्वयंपाकघरात विचारलं होतं, "तुला कुणाकडे राहायला आवडेल?" ब्रिटा म्हणाली होती, "तुझ्याकडेच की, आई." लगेच. मान तिरकी करून, हसून. येत्या बुधवारी मध्यस्थ बाईंच्या ऑफिसात ती हेच सांगणार होती आणि मग ते कागदावर येणार होतं. मार्नी त्या वाक्याच्या आधारावर झोपत होती. आता रस्त्यावरून घरंगळत जाताना, स्वच्छ काचेतून सगळं जरा जास्तच स्पष्ट दिसत असताना, तिला वाटलं, 'तुझ्याकडेच की' आणि 'मस्त!' हे दोन्ही एकाच ताग्यातले तुकडे आहेत.

मनात एकदा पाल चुकचुकली की ती एका जागी बसत नाही. मार्नीने उमेदवारीच्या काळात पक्षी पाहिले होते. विद्यापीठात असताना दोन हिवाळे तिने दाण्यांच्या खोक्यावर येणाऱ्या चिकडी पक्ष्यांची नोंद घेतली होती, कोण आधी खातं, कोण पाहत राहतं, कोण खाल्ल्यासारखं करून दाणा सालीखाली लपवतं. मग नोकरी लागली ती मुलं पाहण्याची. एका खोलीत मुलाला गेम देऊन बसवायचं, आरशासारख्या काचेमागे आपण बसायचं. नव्या लोकांना ती एकच गोष्ट शिकवी: तोंड सगळ्यात शेवटी. मुलं परक्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी वागतात. शेवटी पाच चेहऱ्यांची पट्टी पुढे केली, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, की बोट हसऱ्यावरच ठेवतात, कारण समोरच्या काकूंनी पिझ्झा दिलेला असतो. पाय पाहा. खुर्चीवरून लोंबणारा पाय हलायचा थांबला म्हणजे मूल गेमच्या आत शिरलं. पुन्हा हलायला लागला म्हणजे बाहेर आलं. बोबिन्सच्या चाचण्यांत पाय सतत हलत होते. तिने तसं लिहिलं. केंट म्हणाला, "पण पट्टीवर तर सगळ्यांनी हसराच दाखवलाय ना, मार्नी? मग झालं तर." त्याच्या आवाजात दटावणी नव्हती, विनवणी होती. मग गेम आला आणि ज्यांनी ज्यांनी त्यावर लिहिलं त्यांनी तो नीरस आहे असं लिहिलं, एकाने तर ओल्या मोज्याची उपमा दिली, आणि जानेवारीत तो दुकानाच्या दाराशी स्वस्तातल्या टोपलीत येऊन पडला. तेव्हा स्टुडिओत कुणी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. मार्नीला एवढंच समाधान होतं की एका मुलीला तो आवडला होता. तिने नाताळात वेष्टन फाडलं, आईचं नाव गेम बनवणाऱ्यांच्या यादीत शोधलं, उड्या मारल्या. त्या वेळी ब्रिटाचे पाय काय करत होते ते मार्नीला आठवेना. घरी ती पाय पाहत नसे. किंवा पाहत असे, आणि जे दिसे ते लिहून ठेवत नसे.

आर्डिसकडे, म्हणजे मार्नीच्या आईकडे, दुपारच्या जेवणाला जायचं ठरलेलं होतं. दारातच बूट काढून गालिच्यावर ठेवले, आणि आर्डिसने ब्रिटाच्या टोपीवरून हात फिरवला. "किती गं वाढलीस! आईने खाऊ घालायचं बंद करायला हवं आता." हॉटडिश ओव्हनमधून नुकताच बाहेर आला होता, खाली खिमा आणि मशरूमचं दाट सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांच्या शिस्तशीर रांगा. ब्रिटाने वाढून घेतलं आणि म्हणाली, "आजी, फार छान झालंय." मार्नीने ताटलीकडे पाहिलं. गोळ्या संपत होत्या. मशरूम एका कडेला सरकवलेले होते, आणि त्यांच्यावर पावाचा तुकडा असा टेकवला होता की वरून दिसू नयेत. हे ती कधीपासून करते? मशरूम तिला आवडतात हे मार्नी शाळेच्या डब्याच्या वेळेपासून धरून चालली होती. ती स्वतःही महिन्यातून दोनदा घरी हॉटडिश करते. मुलगी दर वेळी 'छान' म्हणते. पाव टेकवते.

"काय गं, इतकं काय पाहतेस पोरीच्या ताटात?" आर्डिस म्हणाली.

"काही नाही."

"कामावरून सुट्टी घे जरा. इथे काच नाही लावलेली."

ब्रिटा हसली. फार मोठ्याने हसली, असं मार्नीला वाटलं. आजी आणि नात यांच्यामध्ये काहीतरी एक शब्द आधी बोलून झालेला आहे आणि तो आता टेबलाखालून फिरतो आहे, असं तिला वाटलं. मग वाटलं, हे मी तयार करते आहे. चिकडीच्या बाबतीतही एकदा तिने असंच केलं होतं, एक पक्षी मुद्दाम दुसऱ्याला फसवतो आहे असं लिहिलं होतं आणि प्राध्यापक म्हणाले होते, बाई, त्याने दाणा लपवला एवढंच लिहा, का ते तो आणि त्याचा देव जाणे.

ताटल्या उचलायच्या निमित्ताने ती मागच्या पायऱ्यांवर गेली आणि तिने क्रेगला फोन लावला. छपराच्या कडेवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"ब्रिटा तुझ्याशी त्या गेमबद्दल काही बोलली का?"

"कुठल्या?"

"माझ्या, रे."

"हां, तो. मस्त आहे म्हणाली." मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं.

"तुला खरं वाटलं?"

"मार्नी, काय चाललंय तुझं?"

"बुधवारबद्दल तू तिच्याशी बोललास?"

"मी? मी एक शब्द बोललेलो नाही. तूच म्हणालीस ना, तिचं ठरलंय. तिने मलाही तेच सांगितलं. बाबा, मी आईकडे राहीन, तुला चालेल ना? मी म्हटलं, चालेल की." पुन्हा घरघर. "चालेल म्हणालो मी. दुसरं काय म्हणणार?"

"आणि चालणार आहे तुला?"

"आता हे काय विचारणं झालं," क्रेग म्हणाला, आणि मग हळूच, "हवा बरी आहे आज, नाही? तिकडेही वितळतंय का?"

वितळतंय, असं सांगून तिने फोन ठेवला. तिघांनी तिघांना 'चालेल' म्हणून सांगितलं होतं. तो पढवत असेल असा संशय तिला क्षणभर आला होता, आणि तो खोटा ठरला याचं तिला वाईट वाटलं, कारण क्रेगने पढवलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. रागावता आलं असतं.

आत आली तेव्हा टेबलावर लिंबाच्या वड्यांचा ट्रे होता आणि ट्रेमध्ये एकच वडी राहिली होती. आर्डिस म्हणाली, "घे गं ब्रिटा, संपव ती." "नको, आजी, तुम्ही घ्या." "मला नको. मार्नी, तू?" "नको, आई." मग आर्डिसने सुरी घेऊन वडीचे दोन भाग केले आणि अर्धा उचलला. थोड्या वेळाने ब्रिटाने उरलेल्या अर्ध्याचा अर्धा घेतला. मार्नीने त्याच्यातला कोपरा कापला. शेवटी ट्रेच्या कोपऱ्यात नखाएवढा पिवळा तुकडा राहिला, तो कुणाचाच नव्हता, तो आर्डिस नंतर कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवील. हे असं आयुष्यभर चाललेलं मार्नीने पाहिलं होतं, त्यात तिला कधी काही दिसलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर, बरं, अगदी एवढंच, म्हणून घ्यायचं. पहिलं उत्तर हे उत्तर नसतंच. ते दार उघडताना 'या' म्हणण्यासारखं असतं. इथल्या दोन वर्षांच्या पोरालाही हे कळतं. आणि मार्नीने ब्रिटाला एकदाच विचारलं होतं. कुणाकडे राहशील, तुझ्याकडेच की, आणि विषय संपला होता. कॉफी घेणार का, असं विचारून पहिल्या 'नको'ला भांडं उचलून नेणाऱ्या परक्या माणसासारखी ती वागली होती. तिला रीत ठाऊक नव्हती असं नाही. उत्तर तिला हवं तेच आलं होतं म्हणून ती तिथेच थांबली होती. आता कपाळावर घाम आल्याचं तिच्या लक्षात आलं. आर्डिसच्या घरात नेहमी फार उकडतं.

निघायला नेहमीसारखाच उशीर झाला. दारात, मग अंगणात, मग गाडीच्या काचेपाशी, तीच ती बोलणी. काचेत वाकून आर्डिस मार्नीला म्हणाली, "पोरगी शहाणी आहे तुझी. फार शहाणी." आणि छपरावर थाप मारली. शहाणी हा शब्द मार्नीला कधी एवढा वाईट वाटला नव्हता. मार्नी परतीच्या रस्त्याला लागली. गाडी परत मिठाने पांढरी होऊ लागली होती. ती हिशेब करत होती, पैशांचा नाही, पुराव्याचा. दात पडला तेव्हा दुखत नाही म्हणाली. पोहण्याच्या वर्गाला जायचं नव्हतं तर पोट दुखतं म्हणाली नाही, गेली. क्रेग वेगळा झाला त्या दिवशी म्हणाली, "बरं." आपण हिला गुणी म्हणत आलो. घरात कधी भांडण नाही, हट्ट नाही, दारं आपटणं नाही. बोबिन पडणार नाही, बोबिन रागावणार नाही. हे नियम ज्यांनी केले त्यांना आपण वर्षभर हसलो. आणि तरी, मागच्या आरशात ब्रिटाचा चेहरा पाहताना, मार्नीच्या मनात एक वेगळाच आवाज शांतपणे बोलत होता. बुधवार चार दिवसांवर आहे. तू गप्प राहिलीस तर काही बदलणार नाही. ती तुझ्याकडेच राहील. तिने तसं सांगितलंय, दोघांनाही सांगितलंय. कोण तुला खोटं म्हणेल?

घरी दोघींनी दाराशी बूट काढले. ब्रिटा आत जायला निघाली आणि मार्नी गालिच्यावरच बसून राहिली, भिंतीला टेकून, पाय लांब करून. तिने काय करायचं ते ठरवलं नव्हतं असं ती स्वतःला सांगत होती, पण आवाज तिचा कामाचा होता, मऊ आणि सपाट.

"ब्रिटा, गेम आण ना जरा. मला ते लाइटहाउस खेळून दाखव."

ब्रिटा थांबली. मग गेली आणि कन्सोल घेऊन आली. तिच्या शेजारी बसली. बोबिन्सचं गाणं वाजलं, ते गुळमट गाणं मार्नीला झोपेतसुद्धा ऐकू येत असे. ऑटर गावात आला. ब्रिटाने त्याला बेकरीपाशी नेलं, धक्क्यावर नेलं, परत बेकरीपाशी आणलं. "ते पुढे आहे बहुतेक," ती म्हणाली. ऑटर एका शेजाऱ्याला सूप देऊन आला. "मला वाटतं आधी बटणं गोळा करावी लागतात." मार्नी काही बोलली नाही. न बोलणं हे तिचं हत्यार होतं, मुलं शांततेत फार वेळ राहू शकत नाहीत. ब्रिटाचे अंगठे बरोबर बटणांवर होते पण काड्यांसारखे ताठरले होते. तिच्या कानाची पाळी लाल झाली. मोज्यातल्या पायाची बोटं वळली होती आणि अजिबात हलत नव्हती, आणि तो पाय गेमच्या आत गेलेल्या मुलाचा नव्हता. मार्नीला एकदम स्वतःची किळस आली. कामावर असं झालं तर चाचणी थांबवायची असते, आणि थांबवताना एक वाक्य म्हणायचं असतं.

"चाचणी गेमची आहे, तुझी नाही," ती म्हणाली.

"हे तू त्या मुलांना म्हणतेस," ब्रिटा स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाली. "आणि मग त्यांच्याबद्दलच लिहितेस."

मार्नीने कन्सोल तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "लाइटहाउस नाहीये त्यात, ब्रिटा. आम्ही काढून टाकलं होतं."

"मग डबीवर का आहे?"

"डबी आधी छापली."

ब्रिटाने तिच्याकडे पाहिलं. "पण ही फसवणूक आहे!" ती खरंच चिडली होती. "लोकांना वाटेल आहे म्हणून! मी किती शोधलं माहितीय? मला वाटलं मलाच सापडत नाही! आई, तो इतका कंटाळवाणा आहे ना. सॉरी. पण आहे. ते सूप! सगळ्यांना सूप! आणि तो पडतसुद्धा नाही. मी त्याला धक्क्याच्या टोकाला नेलं आणि दाबलं, दाबलं, दाबलं, आणि तो म्हणतो, 'अरेच्चा, जपून हं!' मला त्याला पाण्यात टाकायचं होतं गं!"

"मलाही," मार्नी म्हणाली.

"खरंच?"

"वर्षभर."

मग दोघी हसल्या, ब्रिटा वाकून, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून, आणि मार्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. 'अरेच्चा, जपून हं,' ब्रिटा ऑटरच्या आवाजात म्हणे आणि पुन्हा हसू फुटे. कितीतरी दिवसांत हे हसू मार्नीने ऐकलं नव्हतं, त्याच्यात थोडी दुष्टपणाची धार होती. हळूहळू ते ओसरलं. बुटांवरचा बर्फ वितळून गालिच्यात मुरत होता. आता इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. उठावं, दूध गरम करावं. मार्नीला तो मोकळा रस्ता स्पष्ट दिसत होता.

"माझ्याकडे राहीन म्हणालीस," ती म्हणाली, "तेही डबीवरूनच वाचलं होतंस का?"

ब्रिटाने कोटाच्या बाहीचं टोक मुठीत ओढून घेतलं.

"मी दुसऱ्यांदा विचारतेय. हवं तर तिसऱ्यांदाही विचारेन."

"तू रडशील."

"कदाचित."

"बाबाकडे," ब्रिटा म्हणाली. मग घाईने, एका दमात, "मला तू आवडत नाहीस असं नाहीये. पण तू सारखी बघतेस. मी खाते तेव्हा बघतेस, मी टीव्ही बघते तेव्हा तू टीव्ही बघत नाहीस, मला बघतेस. मग मला बरोबर करावं लागतं. बाबा बघत नाही. तो आपलं काहीतरी खोलून बसलेला असतो. तिथे मी चुकीचं केलं तरी कुणाला कळत नाही." ती थांबली. "मला दमायला होतं इथे."

मार्नीची नजर तिच्या चेहऱ्यावर होती. तिने ती तिथून उचलली. हे सोपं नव्हतं. समोर दार होतं, दाराच्या काचेतून अंगणातला राखाडी बर्फ दिसत होता, तिने त्याच्याकडे पाहिलं. शेजारी मुलीचा श्वास ऐकू येत होता, तो कसा आहे, वरवरचा की खोल, हे तिने ठरवायचं टाळलं.

"मला हे अजिबात आवडलेलं नाही," ती बर्फाकडे पाहत म्हणाली. "अजिबात नाही. फार वाईट वाटतंय. पण बुधवारी तू हेच सांग."

"खरं म्हणतेस? की नुसतं म्हणतेस?"

"दोन्ही वाक्यं खरी आहेत."

ब्रिटा तिच्याकडे वळली. ती आता आपला चेहरा तपासते आहे हे मार्नीला बाजूने जाणवत होतं, आणि तिने तपासू दिलं. मग मुलगी उठली. तिचा हात मार्नीच्या खांद्यावर टेकला, उठायला आधार म्हणून असेल किंवा आणखी कशासाठी असेल. "भूक लागली मला," ती म्हणाली. "आजीकडे मी नीट जेवलेच नाही. ते मशरूम, ई." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, म्हणजे ती वरच्या फळीला हात घालत होती. काहीतरी सरकलं, थोडी शांतता झाली, आणि मग फरशीवर काचेचं काहीतरी पडून फुटलं, पुष्कळ तुकडे दूरवर घरंगळत गेले.

"काही नाही झालं!" ब्रिटा आतून ओरडली.

मार्नीचे दोन्ही हात उठण्यासाठी फरशीवर टेकले गेले होते. तिने ते पुन्हा मांडीवर घेतले.

"बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून दाराकडे पाहत बसून राहिली. आत केरसुणी शोधली जात होती, चुकीच्या कपाटात.